मुके कण वगळून

पिंपळखुटीच्या नव्या पाण्याच्या टाकीखाली सरकारी अभियंता करुणा गजभियेनं तिसऱ्यांदा मोजणीची बंदूक कॉलमला टेकवली आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तोच हिरवा शब्द उमटला: उत्तीर्ण.

काँक्रीटची ताकद तीस हवी होती, यंत्र तेहतीस दाखवत होतं. टाकी ज्या आठ कॉलमांवर उभी होती, त्यांतला हा तिसरा कॉलम यंत्राच्या मते सगळ्यांत मजबूत होता. आणि याच कॉलमच्या बुडाशी ताटाएवढा ओला डाग पडला होता. डागातून तांबूस ओघळ उतरला होता, म्हणजे आतली सळई गंजायला लागली होती. करुणानं स्कूटरच्या किल्लीनं जरा टोकरलं, तर मूठभर वाळू तिच्या चपलेवर पडली.

“परवा बशीएवढा होता जी मॅडम,” मंदा लांजेवार म्हणाली. “टाकीत पाणी सोडलं तवापासून वाढून राह्यला. तुमच्या हापिसात फोन केला, तं ते म्हणते, यंत्रानं पास केलं आहे, तुम्ही काऊन घाबरता?”

मंदाबाई गावची अंगणवाडी सेविका. अंगणवाडी टाकीपासून पंधरा पावलांवर, आणि आतून सव्वीस लेकरांचा कालवा ऐकू येत होता. टाकी अजून अर्धीच भरली होती. सोमवारी उद्घाटन होतं. त्या दिवशी ती काठोकाठ भरायची होती, दोन लाख लिटर. दोनशे टन वजन त्या ओल्या डागावर.

“कॉलम भरताना तुम्ही इथंच होता का, मंदाताई?”

“समोरच तं होती. ह्या कॉलमच्या वक्ताले त्याइचं ते घरघर करणारं मशीन बंद पडलं. दांड्यानं ढोसून ढोसून माल भरला. मी बोलली, तं म्हणते, बाई, तुम्ही खिचडी पहा.”

घरघर करणारं मशीन म्हणजे व्हायब्रेटर. तो चालला नाही की काँक्रीटमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. वरून गिलावा गुळगुळीत, आतून स्पंज. करुणानं हे वहीत उतरवून घेतलं. लिहून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपल्या लिहिण्याला आता काही किंमत उरलेली नाही. मंदाबाईच्या डोळ्यांनाही नाही. दोघींचीही साक्ष कायद्यानं काढून घेतली होती.

सहा वर्षांपूर्वी, २०३८ साली, सार्वजनिक कामांच्या निधीचा आणि खरेदीचा नवा कायदा आला, तेव्हा लोकांनी फटाके वाजवले होते. करुणानंही पेढे वाटले होते. कारण त्याआधी प्रत्येक बिलावर सात जणांच्या सह्या लागायच्या आणि प्रत्येक सहीचा टक्का ठरलेला असायचा. नव्या कायद्यानं सह्याच काढून टाकल्या. त्यांच्या जागी साक्षीकण आणले.

साक्षीकण मसूरडाळीएवढा. चिनीमातीच्या कवचात एक बारीक स्फटिक. काँक्रीट कालवतानाच हे कण त्यात मिसळायचे. मग कणवाचक यंत्र बाहेरून लहर सोडतं. या यंत्राला सगळे बंदूकच म्हणत. त्या लहरीवरच कण क्षणभर जागा होतो, थरथरतो, आणि ती थरथर भोवतालच्या काँक्रीटमधून किती वेगानं पसरते ते सांगतो. घट्ट काँक्रीटमधून वेगानं, भुसभुशीतातून रेंगाळत. सगळ्या कणांच्या उत्तरांची सरासरी थेट कोषागाराच्या संगणकाकडे जाते. सरासरी पुरेशी भरली की ठेकेदाराच्या खात्यात पैसे जमा. मधे कुणी साहेब नाही, कुणी बाबू नाही.

आणि कुणी मधे येऊच नये म्हणून कलम एकोणीस. कामाच्या दर्जाबाबत साक्षीकणांचं मोजमाप अंतिम राहील. त्याविरुद्ध कोणाही व्यक्तीचं मत, पाहणी किंवा साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही. एखाद्या अभियंत्यानं उत्तीर्ण काम अडवलं, तर तो टक्का मागतोय असंच कायदा गृहीत धरी आणि त्याला निलंबित करी.

फक्त एक गोष्ट फटाके वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हती. बंदुकीच्या पडद्यावर खाली, अगदी बारीक अक्षरांत, आणखी एक आकडा यायचा. करुणानं तो चष्मा वर करून वाचला. तिसऱ्या कॉलममध्ये कण साठ. उत्तर दिलेले सात.

बाकीचे त्रेपन्न मुके होते. जिथं काँक्रीट पोकळ, तिथं पाणी शिरतं, आणि पाणी शिरलं की कण बुडून मरतो. सात जण कॉलमच्या वरच्या टोकाला, जिथं माल चांगला बसला होता तिथं, जिवंत राहिले होते. सरासरी त्या सातांचीच निघाली होती. तेहतीस.

तिनं आठही कॉलम वाचले. एकूण कण चारशे ऐंशी. मुके दोनशे बारा. दुपारभर उन्हात बसून तिनं प्रत्येक मुक्या कणाचा क्रमांक आणि जागा वहीत लिहून काढली. मंदाबाई मधे मधे पाण्याचा तांब्या आणून देत होती.

कार्यकारी अभियंता खंडाईत यांनी वही चाळली, मिटली आणि परत तिच्यापुढे सरकवली.

“गजभिये मॅडम, मला शिकवू नका. कॉलम गेलाय हे मलाही दिसतं.”

“मग टाकी रिकामी करायचा आदेश काढा, साहेब.”

“कशाच्या आधारावर? काम उत्तीर्ण आहे. शेवटचं बिल काल निघालं. उत्तीर्ण कामाच्या दुरुस्तीला निधी मागितला तर संगणक अर्जच घेत नाही.”

“निदान अंगणवाडी हलवा.”

“ती दुसऱ्या खात्याची. ते मला लेखी कारण विचारतील. कारण दिलं की कलम एकोणीस मोडलं. मागच्या वर्षी आपल्या कटरेनं एका नालीवर शेरा मारला होता. अजून घरी बसलाय.”

“साहेब, सव्वीस लेकरं आहेत तिथं!”

खंडाईत उठले. मग त्यांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं, तिसऱ्या अनुसूचीचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “मुके कण वगळून सरासरी काढावी.” ओळीच्या शेवटी एक लहानसा आकडा होता आणि पानाच्या तळाशी त्याची टीप. संदर्भ: घारपुरे व गजभिये, २०२७.

“या गजभिये तुम्हीच ना?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. नागपूरच्या कॉलेजात प्राध्यापक घारपुरे यांच्या हाताखाली तिनं सहाशे कणांवर प्रयोग केले होते. प्रयोगशाळेतलं काँक्रीट उत्तमच असायचं. तिथं कण मुका व्हायचा तो मिक्सरमध्ये ठेचला गेल्यामुळे. असे चारदोन कण आलेख बिघडवत होते. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. तिनं लिहून टाकलं, मुके कण वगळावेत. किती मुके असले तर वगळू नयेत, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. तिनं तो बाजूला ठेवला होता. आलेख फार देखणा आला होता.

खंडाईतांच्या दालनातून ती बाहेर आली, तेव्हा तिच्या अंगाची आग होत होती. ठेकेदाराचा राग होता, साहेबांचा होता, आणि त्या चोवीस वर्षांच्या हुशार पोरीचा सगळ्यांत जास्त होता.

शनिवारी ती घारपुरे सरांकडे गेली. सर आता राज्याच्या साक्षीकण परिषदेचे अध्यक्ष होते. अनुसूचीतली शास्त्रीय चूक दुरुस्त करायचा प्रस्ताव त्यांच्याच सहीनं जाऊ शकत होता. त्यांनी तिला प्रेमानं बसवलं, चहा दिला, तिच्या आईची चौकशी केली. मग वही वाचली. वाचताना त्यांचा चष्मा दोनदा नाकावरून घसरला.

“त्रेपन्न मुके,” ते हळूच म्हणाले. “साठांपैकी.”

“सर, मुकेपणा हेच उत्तर आहे. तो कण ओरडून सांगतोय की इथं पाणी शिरलंय. आपण ते कानाआड केलं. काँक्रीट जितकं वाईट, तितके जास्त मुके, आणि जितके जास्त मुके, तितकी सरासरी चांगली. ठेकेदारांना हे केव्हाच कळलंय. कळायचं राहिलंय ते फक्त कायद्याला.”

“मला कळतंय, करुणा.”

“मग प्रस्ताव पाठवा. आज फोन केलात तरी सोमवार थांबेल.”

सरांनी वही मिटली. “या कायद्याखाली एक्केचाळीस हजार कामं झालीत. शाळा, पूल, दवाखाने. उद्या मी म्हटलं की मोजणीच चुकली, तर कोणता बाप मुलाला शाळेत पाठवेल? कोण पुलावरून जाईल? घबराट होईल नुसती.”

“घबराट नको म्हणून लेकरं टाकीखाली ठेवायची?”

“एका टाकीसाठी सगळी व्यवस्था मोडायची का? आधी काय होतं ते विसरलीस? ते टक्के, ती लाचखोरी?”

“काही विसरले नाही. तेव्हा चोर माणसं होती, त्यांना निदान नाव घेऊन शिव्या देता यायच्या. आता चोरी आपल्या ओळीत बसलीय, सर. तुमच्या आणि माझ्या.”

सरांचा चेहरा पडला. “ती ओळ तू लिहिलीस,” ते म्हणाले. “मी वाचून सही केली, इतकंच.”

“हो,” करुणा उठली. “म्हणूनच तुमच्याकडे आले होते.”

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता पिंपळखुटीत मांडव घातला जात होता. ठेकेदार टेंभरे पांढऱ्याशुभ्र शर्टात फुलांच्या कमानीवर देखरेख करत होता. करुणा बंदूक घेऊन आली, तसा तो हसत पुढे झाला.

“या मॅडम, या! आज मोजायचं काम नाही. आज फक्त नारळ.”

“एकदा वाचून घेते,” ती म्हणाली.

बंदुकीत एक सोय होती. सुस्तावलेल्या कणाला जागं करायला जोराची लहर सोडता यायची. त्या लहरीचा जोर शेवटच्या खुणेपलीकडे नेला तर आतला स्फटिक जळतो, हे प्रयोगशाळेत ती स्वतःच्या चुकीतून शिकली होती. साक्षीकण नष्ट करणं हा गुन्हा होता. सात वर्षांची शिक्षा होती. हे तिला पाठ होतं.

तिनं आधी मंदाबाईला बोलावलं. “मंदाताई, तुमचा फोन काढा आणि मी काय करते ते सगळं टिपा. माझा चेहरा दिसू द्या.”

“काय करून राह्यल्या मॅडम तुम्ही?”

“ज्या कणांना बोलता येतं, त्यांना गप्प करतेय.”

पहिला कॉलम, दुसरा, तिसरा. टेंभरेला काहीतरी बिनसतंय असं वाटेपर्यंत ती सहाव्या कॉलमपाशी पोचली होती. तो ओरडत धावला. मंदाबाई पदर खोचून मधे उभी राहिली. “दूर राहा! सरकारी बाईले हात लावाचा नाही!” मांडववाले काम सोडून बघत राहिले. आठवा कॉलम झाला. दोनशे अडुसष्ट जिवंत कण, आणि एकही उरला नाही.

मग करुणानं नेहमीसारखं वाचन घेतलं आणि पाठवलं. कोषागाराच्या संगणकानं शून्य उत्तरांची सरासरी काढायचा प्रयत्न केला. शून्यानं भागता येत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच पडद्यावर लाल अक्षरं आली: मोजमाप अशक्य.

अशा कामासाठी कायद्यात दोनच ओळी होत्या. वास्तू तत्काळ भारमुक्त करावी. परिसर रिकामा करावा. त्यासाठी कुणा साहेबाची सही लागत नव्हती. झडप आपोआप उघडली आणि टाकीतलं पाणी भसाभसा नाल्यात वाहू लागलं. दोनशे बारा कण मेलेले असताना जो कायदा ढिम्म हलला नव्हता, तो चारशे ऐंशी मेल्यावर दहा मिनिटांत जागा झाला. गावाचं हक्काचं पाणी वाहून जाताना बघून करुणाला रडू आलं. मंदाबाईनं लेकरांची रांग लावली आणि त्यांना समाजमंदिरात नेलं.

पोलीस अकरा वाजता आले.

नवव्या दिवशी दुपारी अवकाळी वादळ आलं. जामिनावर सुटलेली करुणा घरीच होती. मंदाबाईचा फोन आला, तेव्हा तिला आधी नुसता श्वास ऐकू आला.

“पडली जी मॅडम. तिसरा कॉलम बसला अन् आख्खी टाकी अंगणवाडीवर. रिकामीच होती. कोणी नव्हतं. पोषण आहाराचं कपाट तेवढं चेंगरलं.” मग ती थांबली. “आज सव्वीसच्या सव्वीस हजर होते हो. समाजमंदिरात.”

आता तरी, असं करुणाला वाटलं. आता तरी कुणीतरी विचारेल. आणि आठ दिवसांनी तिच्या हातात आरोपपत्र पडलं. संबंधित अभियंत्यानं अतिप्रखर लहर सोडून चारशे ऐंशी साक्षीकण जाळले. त्या उष्णतेनं काँक्रीट कमकुवत झालं आणि उत्तीर्ण ठरलेली टाकी कोसळली. टेंभरेचं नाव त्यात होतं, साक्षीदार म्हणून. नुकसान सोसणारा साक्षीदार. त्याच आठवड्यात अनुसूचीत एक दुरुस्तीही झाली. जी अनुसूची लेकरांसाठी हलत नव्हती, ती तीन दिवसांत बदलली गेली: यापुढे बंदुकीच्या लहरीला कुलूप राहील. मुक्या कणांच्या ओळीला कुणी हात लावला नाही.

चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. चौकशी अधिकारी श्रीमती दस्तुरे शिस्तीच्या होत्या, कागदाबाहेर एक शब्द जाऊ द्यायच्या नाहीत. सरकारचे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून घारपुरे सर आले होते. त्यांच्यापुढे करुणानं कण जाळण्याआधी घेतलेल्या वाचनाची जाड छापील यादी होती.

“या लहरीच्या उष्णतेनं काँक्रीट कमकुवत होऊ शकतं का?” त्यांना विचारण्यात आलं.

सर यादीकडेच बघत बोलले. “शक्यता... पूर्णपणे नाकारता येत नाही.”

करुणानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

“श्रीमती गजभिये,” दस्तुरे म्हणाल्या, “आपण चारशे ऐंशी साक्षीकण नष्ट केले. आरोप मान्य आहे?”

“नाही.”

दालनात कुजबुज झाली. मागच्या बाकावर बसलेल्या मंदाबाईनं मान उंचावली.

“चित्रफीत आहे, बाई. आपणच काढायला लावली.”

“मी दोनशे अडुसष्ट कण मारले. ते मान्य आहे, त्याची शिक्षा द्या. बाकीचे दोनशे बारा माझ्या आधीच मेले होते. ते मी मारलेले नाहीत.”

“कामाच्या दर्जाबाबत आपलं मत कलम एकोणीसनुसार...”

“मी दर्जाबद्दल एक शब्द बोलत नाही. माझ्यावर चारशे ऐंशी खुनांचा आरोप आहे असं समजा. त्यांतले कोणते मी केले नाहीत, हे सांगायचा मला हक्क आहे की नाही? आणि आरोपीचा जबाब शब्दशः नोंदवायचा की नाही?”

दस्तुरेंनी नियमांचं पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं चाळली. चाळता चाळता त्यांच्या कपाळावरची आठी बदलत गेली.

“नोंदवावा लागेल,” त्या शेवटी म्हणाल्या. “लिहून घ्या.”

टंकलेखकानं बोटं सरसावली. करुणानं वही उघडली. उन्हात लिहिलेल्या पानांवर घामाचे डाग पडले होते.

“कॉलम तीन. जमिनीपासून अर्धा फूट. कण क्रमांक एकशे एकवीस. आधीच मृत. कॉलम तीन. जमिनीपासून पाऊण फूट. कण क्रमांक एकशे बावीस. आधीच मृत.”

“सगळे वाचणार आपण?” सरकारी वकील वैतागून म्हणाले. “आकडा सांगितलात, पुरे की!”

“एकेकाचा आरोप आहे माझ्यावर. एकेकाचं उत्तर देईन.”

ती वाचत राहिली. कळफलकाचा आवाज तिच्या आवाजामागून चालत राहिला. वकिलांनी घड्याळ पाहिलं, पंखा मोठा करायला सांगितलं, पाणी मागितलं. तिसरा कॉलम संपला. चौथ्याचे वीस झाले. पाचवा सुरू झाला आणि तिच्या घशाला कोरड पडली, तरी ती थांबली नाही.

“कॉलम पाच. जमिनीपासून तीन फूट. कण क्रमांक दोनशे चौऱ्याऐंशी. आधीच मृत.”

“पंच्याऐंशी.”

आवाज इतका हळू आला, की तो कुणाचा हे आधी कुणालाच कळलं नाही. घारपुरे सर छापील यादीवर बोट ठेवून बसले होते.

“दोनशे चौऱ्याऐंशी जिवंत होता,” ते म्हणाले. “मेलेला दोनशे पंच्याऐंशी. तिनं लिहिताना चुकून...” त्यांनी घसा खाकरला. “माझ्यापुढच्या सरकारी यादीत तसं आहे.”

“साक्षीदार, आपल्याला कुणी विचारलेलं नाही!” वकील उठून उभे राहिले.

दस्तुरेंनी हातानं त्यांना खाली बसवलं. त्या सरांकडे बघत होत्या.

“हे नोंदवायचं का, प्राध्यापक?”

घारपुरेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. यादीचं पुढचं पान उलटून त्यांनी बोट पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं.

“नोंदवा,” ते म्हणाले. “आणि तिला थोडं हळू वाचायला सांगा. मला प्रत्येक क्रमांक ताडून पाहायचा आहे.”